जैसलमेरला चार दिवस

वालचंदनगरच्या कॉलनीत त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी अनुपची गाडी होती. कंपनीत वेल्डिंगचा फोरमन असलेल्या या माणसानं एका शाळेची मोडीत निघालेली ट्रॅव्हलर घेतली होती. पहिली शिफ्ट सुटली की तो क्वार्टरमागच्या लिंबाखाली तिच्यात जो घुसायचा, तो अंधार पडल्यावरच बाहेर यायचा. सीटा काढून त्यानं पलंग बसवले, गॅसची शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली. म्हाताऱ्या आईला उकिडवं बसवत नाही म्हणून मागच्या कोपऱ्यात पडदा लावून कमोडही केला. पडद्याचं कापडसुद्धा बारामतीला जाऊन त्यानंच निवडून आणलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आईला जरा देश दाखवतो. नागपूरची दीक्षाभूमी आणि मुंबईची चैत्यभूमी सोडली तर ती जन्मात कुठं गेलीय?"

ऐकणारा मान डोलावून जायचा. गाडी घेऊन नेमकं कुठं जायचं हे खरं तर अनुपलाही ठाऊक नव्हतं. घरात बसवत नव्हतं, एवढंच. घरात बसलं की प्रशिकच्या खोलीचं दार समोर यायचं.

प्रशिक त्याचा एकुलता एक मुलगा. घरातून निघून गेला त्याला दोन वर्षं व्हायला आली होती. जाताना फोन टेबलावर ठेवून गेला, म्हणजे कुणी शोधू नये असंच त्याच्या मनात होतं. पोलिसांत तक्रार झाली, पुण्यातल्या मित्रांकडे चकरा झाल्या, सोलापूर, हैदराबाद झालं. काही हाती लागलं नाही.

आणि मग त्या दिवाळीत अनुपच्या बायकोच्या, ज्योत्स्नाच्या, शाळेतल्या एक बाई राजस्थान फिरून आल्या. त्यांनी मोबाईलवर टाकलेला वाळवंटातला व्हिडिओ ज्योत्स्नानं सहज उघडला. उंटावर बसलेल्या बाई हसत होत्या आणि त्यांच्या मागं, एका जीपपाशी, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला एक पोरगा पाठमोरा उभा होता. उजव्या हातानं त्यानं डावा कोपर धरला होता. तीन सेकंद, फार तर चार. ज्योत्स्ना स्वयंपाकघरात होती. तिथून तिनं अशी हाक मारली की अनुप अंगावर साबण असतानाच मोरीतून बाहेर आला.

"हा प्रशिक आहे," ती म्हणाली.

"तोंड कुठं दिसतंय?"

"मला तोंड बघायची गरज नाही."

अनुपनं तो व्हिडिओ त्या रात्रीत कितीदा पाहिला याला गणती नव्हती. तसा कोपर धरून उभं राहायची सवय त्याच्या वडिलांची, रामभाऊंची; अनुप त्यांना दादा म्हणायचा. नातवानं ती उचलली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ज्योत्स्नानं शाळेत रजा टाकली, अनुपनं कंपनीत टाकली, आणि भागुबाई, म्हणजे अनुपची आई, कुणी न विचारताच लुगड्यांचं गाठोडं बांधून गाडीत येऊन बसली.

भवानीनगरचा साखर कारखाना ओलांडताना मळीचा वास गाडीत भरला. उसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू बारामती, मग पुणे, मग पुढचं सगळं अनोळखी. तीन दिवस अनुप चालवत होता. ज्योत्स्ना शेजारी बसून नकाशा बघायची, चहा करून द्यायची, आणि मधूनच तो व्हिडिओ काढायची. बोलणं बेताचंच.

त्याला तिच्याशी बोलायचं होतं. दोन वर्षं बोलायचं होतं. जमत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांमागच्या जानेवारीत एका सकाळी रामभाऊंच्या छातीत दुखायला लागलं. अनुप शिफ्टला, ज्योत्स्ना शाळेत, घरी भागुबाई आणि प्रशिक. आजोबा म्हणाले, जरा डॉक्टरकडे नेतोस का? त्या दिवशी ग्राउंडवर क्रिकेटची फायनल होती. प्रशिक म्हणाला, "आलोच अर्ध्या तासात, तोवर गोळी घ्या." आणि फोन पॅव्हेलियनमध्ये पिशवीत टाकून बॅटिंगला उतरला. दीड तास गेला. शेवटी भागुबाईनं शेजाऱ्यांना हाका मारल्या. बारामतीच्या दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात रामभाऊ गेले.

अंत्यविधी करून सगळे घरी परतले. अंगणात शंभरेक माणसं होती. भावकी होती, कंपनीतले लोक होते, विहारातले सगळे होते. प्रशिक पाण्याची बादली घेऊन पुढं आला तेव्हा अनुपनं ती बादली लाथेनं उडवली आणि म्हणाला, "माझ्या बापाला मारलंस तू. क्रिकेट खेळत बसलास आणि मारलंस. परत मला तोंड दाखवू नकोस."

एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. रागाच्या भरात बाप बोलून जातो, असं म्हणून लोकांनी ते पोटात घातलं. पण एक गोष्ट अनुपशिवाय कुणाला माहीत नव्हती. आदल्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं होतं. ते म्हणाले होते, "फार मोठा झटका होता. दोन तास आधी आणलं असतं तरी आम्हाला काही करता आलं नसतं. तुमचा मुलगा बाहेर बसलाय, फार घाबरलाय. त्याला हे जरूर सांगा."

अनुपनं मान हलवली होती, आणि सांगितलं नव्हतं.

जैसलमेरला पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सपाट पिवळ्या मुलखात लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे टेकडीवर तो किल्ला वर आला. सगळा एकाच रंगाचा. जणू टेकडीच खणून कुणी बुरूज काढले होते. भागुबाई खिडकीला नाक लावून म्हणाली, "आरं, ह्ये तर सोन्याचं दिसतंय."

बाकीच्या दोघांनी किल्ल्याकडे पाहिलंच नाही. रस्त्यावर पांढरा रुमाल बांधलेली जितकी पोरं दिसत होती त्यांच्याकडे ते बघत होते. आणि तिथं ज्याच्या त्याच्या डोक्याला रुमाल होता.

गडीसर तलावाजवळ गाडी लावली. पाण्यात दगडी छत्र्या उभ्या होत्या, नावेत बसून माणसं फोटो काढत होती. अनुपनं प्रशिकचा फोटो खिशातून काढला आणि पहिल्या नाववाल्यापासून सुरुवात केली. नाववाले, चहावाले, बाहुल्या विकणारे, रावणहत्था वाजवत बसलेला म्हातारा. फोटो बघून कुणी मान हलवायचं, कुणी नाही. जे "हां, देखा है" म्हणायचे ते पुढं हळूच विचारायचे, "सफारी करनी है क्या?" संध्याकाळपर्यंत अनुपला कळून चुकलं की इथं 'देखा है' या शब्दाला काही अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी ते सम गावच्या वाळूच्या टेकड्यांकडे गेले. व्हिडिओ तिथलाच होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तंबूंचे कॅम्प, एकाला लागून दुसरा. फोटो दाखवायचा, नाही ऐकायचं, पुढं जायचं. चौदा-पंधरा कॅम्प झाले. एका उंटवाल्यानं मात्र फोटो नीट निरखला. "ये मराठी लड़का है ना? आगे वाले कैंप में है, जीप चलाता है," असं म्हणून त्यानं हातानं दिशा दाखवली. मराठी हा शब्द अनुपनं उच्चारला नव्हता. ज्योत्स्नाच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

त्या कॅम्पच्या मागच्या बाजूला एक जीप उभी होती. एक पोरगा बॉनेट उघडून आत वाकला होता. तीच उंची, तेच खांदे. ज्योत्स्ना वाळूतून धावली, चपला मागंच राहिल्या, आणि तिनं मागून त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. पोरगा दचकून वळला. नांदेडकडचा होता. बरोबर, मराठीच होता. "काय झालं, काकू?" त्यानं विचारलं.

ज्योत्स्नानं हात मागं घेतले. "काही नाही रे बाळा. चुकलं," म्हणाली आणि परत येताना चपला शोधायलाही थांबली नाही. अनुपनंच त्या उचलून आणल्या.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या अंगाच्या टेकड्या, खुरी गावाकडच्या. तिथंही तेच. दुपार टळली तशी भागुबाई मागं पडून राहिली. तिला उन्हाचा आणि गाडीच्या हिसक्यांचा त्रास व्हायला लागला होता. परतीच्या वाटेवर एका वळणाला मागचं चाक वाळूत रुतलं. अनुपनं खाली उतरून वाळू उपसली, काट्याकुट्या घातल्या, पण चाक जागच्या जागी फिरून आणखी खाली गेलं. एक ट्रॅक्टरवाला थांबला. तासाभरात येऊन ओढून देतो म्हणाला आणि गेला. चहूकडे वाळू आणि खुरटी झुडपं. सूर्य कलला होता, वारा गार व्हायला लागला होता.

ज्योत्स्ना पायरीवर बसली होती. तिनं मोबाईल बंद करून मांडीवर पालथा ठेवला.

"उद्या शेवटचा दिवस," ती म्हणाली. "परवा निघायलाच हवं." मग म्हणाली, "एवढा कसा दगड झाला हो हा पोरगा? तुम्ही बोललात, चुकलात, पण माझं काय चुकलं होतं? एकदा, फक्त एकदा फोन केला असता. चूक तर त्याचीही होती. आजोबांना सोडून खेळायला गेला. मी कधी एका शब्दानं बोलले का त्याला?"

अनुप खोरं टाकून उभा राहिला. ही बाई अजून पोराची चूक मोजत होती, आणि मोजायला लावणारा तो स्वतः होता.

"ज्योत्स्ना, त्याची चूक नव्हती."

"म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. दवाखान्याचा व्हरांडा, डॉक्टर, त्यांचे शब्द. सांगताना तो चाकाकडे बघत होता. "आणि आदल्या रात्री दादा छाती चोळत बसले होते. माझ्यासमोर. मी म्हटलं ॲसिडिटी असेल, आणि झोपायला गेलो. सकाळी शिफ्ट होती ना. डॉक्टर बोलले तेव्हा पहिलं तेच डोळ्यापुढं आलं. कुणाची तरी चूक असायलाच हवी होती. माझी नको होती, म्हणून त्याची राहू दिली."

ज्योत्स्ना उठली आणि समोरच्या टेकडीच्या दिशेनं चालायला लागली. अनुप मागं निघाला तशी मागं न वळता म्हणाली, "माझ्या मागं येऊ नका."

तो तिथंच थांबला. गाडीतून कण्हल्यासारखा आवाज आला. पडदा सरकवून भागुबाई बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

"अनुप, ह्ये खरं हाय?"

"व्हय, आई."

"त्येंचं ते व्हायाचंच हुतं?"

"डॉक्टर तसंच म्हणाले."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "म्या दोन वर्सं त्या लेकराला मनातल्या मनात तळतळाट दिला रं. रोज दिवा लावताना. ह्यानं टायमाला न्हेलं असतं तर माजा मानूस आज असता, आसं म्हनायची. भाइर कुनाला बोलले न्हाय, पर आत बोलत हुते. त्ये पाप कुटं फेडू आता?"

अनुप तिच्या पायांशी बसला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. ट्रॅक्टरवाला आला, साखळी लावून गाडी ओढून दिली. टेकडीवरचा उजेड जायला लागला तेव्हा ज्योत्स्ना आपणहून परत आली आणि मागं सासूजवळ जाऊन बसली. शेजारची सीट रिकामीच राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. फोटो दाखवायला आता जागा उरली नव्हती. भागुबाईच म्हणाली, "आलोच हाय तर त्यो किल्ला तरी दावा मला. हितं बसून रडायचं त्ये तितं बसून रडू."

रिक्षा किल्ल्याच्या चार दरवाजांतून वर राजवाड्यापुढच्या चौकापर्यंत गेली. भागुबाई राजवाड्याच्या पायरीवर टेकली आणि ज्योत्स्ना तिच्याजवळ. "तुम्ही या बघून," ज्योत्स्ना म्हणाली. कालपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. त्यात राग नव्हता. काहीच नव्हतं. अनुपला वाटलं, यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो एका गल्लीत शिरला. दोन्ही बाजूंना पिवळ्या दगडाची घरं, सज्जांवर जाळीचं काम, खाली दारांत चादरी आणि चामड्याच्या पिशव्या टांगलेल्या. इथं माणसं राहत होती, एक बाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. अनुप कुठं बघत नव्हता, पायांना चालायचं होतं म्हणून चालत होता. पुढल्या वळणावर मराठी कानावर आलं.

"…आणि हे दगड चुन्यानं जोडलेले नाहीत बरं का. एकात एक खाच करून बसवलेत. आपल्याकडं सुतार लाकूड जोडतो, तसं."

अनुपनं भिंतीला हात टेकला.

पुढं पंधरा-वीस जणांचा घोळका होता. सांगलीकडची मंडळी, डोक्यावर एकसारख्या टोप्या. त्यांच्या पुढं मिटलेली छत्री उंच धरून एक तरुण चालला होता. दाढी वाढलेली, अंगानं उतरलेला, उन्हानं काळवंडलेला. पण आवाज तोच. बोलताना वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा.

हाक मारायला अनुपनं तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडानं मारणार? परत मला तोंड दाखवू नकोस, हे ज्या तोंडानं म्हटलं होतं, तेच हे. घोळका पुढं निघाला, आणि अनुप मुकाट्यानं त्याच्या शेवटी लागून चालायला लागला. टोपी घातलेल्या एका आजींनी विचारलं, "तुम्ही आमच्याच बसमधले ना?"

"व्हय," अनुप म्हणाला.

आपला मुलगा काय सांगतो ते तो ऐकत होता. कुठल्या राजानं किल्ला बांधला, वेढा किती वर्षं चालला, पाणी कुठून यायचं. जैन मंदिरासमोर त्यानं सगळ्यांना थांबवलं, एका म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला पायरी चढवली. "राजूभाऊ, जरा हळू," लोक म्हणत होते. इथं तो राजू होता. अनुपला वाटत होतं की ही गल्ली संपूच नये. संपली की बोलावं लागेल.

गल्ली संपली ती बुरुजावर. तिथं जुनी तोफ ठेवलेली, आणि खाली सगळं शहर, सपाट गच्च्यांचं, क्षितिजापर्यंत. "या बाजूनं बघा," असं म्हणत प्रशिक वळला आणि त्याची नजर घोळक्याच्या शेवटाला गेली.

"इथून सगळं…" तो म्हणाला. पुढचं वाक्य आलं नाही. लोक वाट बघत होते. त्यानं छत्री खाली घेतली. "इथून सगळं शहर दिसतं. फोटो काढून घ्या. दहा मिनिटं देतो."

लोक कठड्याकडे गेले. प्रशिक तोफेच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. अनुप गेला. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं.

"मम्मी कुठंय?"

"चौकात. आजी पण आलीय."

प्रशिक खाली शहराकडे बघत राहिला.

"प्रशिक, मला एक सांगायचंय. दादा गेले त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले होते की…"

"माहितीय मला."

"काय माहितीय?"

"दोन तास आधी नेलं असतं तरी काही झालं नसतं. हेच ना?" प्रशिक म्हणाला. आवाज शांत होता, आणि ते जास्त भयंकर होतं. "दुसऱ्या दिवशी दाखला आणायला मीच गेलो होतो दवाखान्यात. डॉक्टरांसमोर रडायला लागलो. ते म्हणाले, अरे, तुझ्या वडिलांना कालच सांगितलंय मी. त्यांनी सांगितलं नाही का तुला?"

अनुपनं कठडा धरला.

"मला वाटलं, आत्ता दुःखात आहेत, सांगतील. जलदानविधीपर्यंत थांबलो मी. रोज तुमच्यासमोर येऊन बसत होतो. चहा दिला, अंथरूण घातलं. विधीला सगळे पुन्हा जमले, तेव्हा वाटलं आज सांगतील. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही." त्यानं पहिल्यांदा बापाकडे पाहिलं. "तुम्ही रागानं बोललात म्हणून नाही गेलो मी. तुम्हाला खरं माहीत होतं, म्हणून गेलो."

अनुपनं हात जोडले. एवढ्या माणसांत, तोफेपाशी, सरळ हात जोडले. "माझं चुकलं, बाळा. लई चुकलं."

"मला सांगून काय होणार? मला तर तेव्हाच कळलं होतं." प्रशिकनं त्याचे जोडलेले हात खाली केले, पण धरून ठेवले नाहीत. "शंभर माणसांदेखत बोलला होतात. त्यांना सांगा."

कुणीतरी ओरडलं, "राजूभाऊ, आमचा एक ग्रुप फोटो काढा की!" तो गेला, हसून फोटो काढला, सगळ्यांना बसच्या वाटेला लावून दिलं. मग अनुपकडे न बघता चौकाकडे चालायला लागला.

ज्योत्स्नानं त्याला लांबूनच पाहिलं. ती उठली नाही. प्रशिक तिच्यासमोर येऊन बसला तेव्हा तिनं त्याचा कान हातात घेतला, मग दाढी, मग मनगट, जणू एकेक वस्तू जागेवर आहे का बघत होती. भागुबाईनं मात्र हंबरडा फोडला. चौकातली माणसं वळून बघायला लागली.

"माफी कर रं माज्या वाघा. म्या तुला लई शाप दिलं."

"आजी, काय बोलती तू," म्हणत प्रशिकनं तिचं डोकं छातीशी धरलं, आणि तेव्हा कुठं त्याचा आवाज फाटला.

दुपारी तो त्यांच्याबरोबर गाडीत आला. भागुबाईनं घरून आणलेलं बाजरीचं पीठ मळलं, भाकरी थापल्या. त्यानं चार खाल्ल्या. खोली कुठं आहे, जेवतो कुठं, आजारी पडला होता का, ज्योत्स्ना विचारत राहिली आणि तो सांगत राहिला. व्हिडिओतला पोरगाही तोच होता, त्या दिवशी ग्रुप घेऊन वाळूकडे गेलेला. अनुप ड्रायव्हरच्या सीटवर पाठमोरा बसून ऐकत होता. मध्ये एकदा आरशात त्याला दिसलं, प्रशिक पलंगाच्या लोखंडी जोडावरून अंगठा फिरवत होता. चार वाजता दुसरा ग्रुप होता, तो उठला.

"चल की रं घरला," भागुबाई म्हणाली.

"आत्ता नाही, आजी."

ज्योत्स्नानं आपली पिशवी उचलली आणि ती त्याच्यामागं खाली उतरली. अनुपला म्हणाली, "मी राहते इथं आठ दिवस, त्याच्या खोलीवर. रेल्वेनं येईन. शाळेत मी कळवते."

परतीचे तीन दिवस अनुपनं आईला घेऊन एकट्यानं गाडी चालवली. म्हातारी मागं झोपून असायची. वाटेत तो तीनदा गाडी कडेला घेऊन थांबला, कारण समोरचा रस्ता दिसेनासा झाला होता.

जानेवारीत रामभाऊंच्या पुण्यस्मरणाचा कार्यक्रम विहारात ठेवला होता. ज्योत्स्ना तोवर परतली होती. घरात वावरायची, डबा करून द्यायची, बोलायची कामापुरतं. वंदना झाली, दोघेतिघे रामभाऊंबद्दल चांगलं बोलले, आणि जेवणाची पानं मांडायला लोक उठणार तेवढ्यात अनुप उभा राहिला. त्यानं माईक घेतला नाही. हात मागं बांधले.

"दोन वर्षांखाली याच माणसांसमोर मी माझ्या पोराला खुनी म्हणलो," तो म्हणाला. "ते खोटं होतं. खोटं आहे हे मला तेव्हा ठाऊक होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं, डॉक्टरांचे शब्द आणि आदल्या रात्रीचं छाती चोळणंही. त्याचा थोरला चुलतभाऊ आबाजी उठून बाहेर गेला. कंपनीतला एक जण खाली बघत राहिला. बायकांत कुणीतरी म्हणालं, "आरं द्येवा," आणि तेवढंच. जेवताना अनुपच्या शेजारची दोन्ही पानं रिकामी होती. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर त्यानं ज्योत्स्नाच्या फोनमधून नंबर घेतला आणि लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही. तो फोन हातात घेऊन लिंबाखाली बसून राहिला. बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"सांगितलं?" पलीकडून प्रशिकनं विचारलं.

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. माझंही."

पलीकडे कुणीतरी गाडी चालू करत होतं, माणसांचा गलका होता. प्रशिकनं फोन ठेवला नव्हता.

"मार्चमध्ये इथला सीझन संपतो," अखेर प्रशिक म्हणाला. "ग्रुप आलाय. ठेवतो."

घराच्या मागच्या दारात ज्योत्स्ना उभी होती. काय म्हणाला, असं तिनं तोंडानं विचारलं नाही. अनुपनं तिला तेच वाक्य, जसंच्या तसं, एकही शब्द न वाढवता सांगितलं. ती पायरीवर, त्याच्यापासून थोडी लांब, बसली.